फक्कीची रेघ आणि आमची विमलताई

माझी थोरली बहीण कुमारी विमल भिंगारदिवे, इंटरची विद्यार्थिनी, हिच्यावर सन १९४८च्या नाताळाआधीच्या शनिवारी, उन्हं कलताना, अहमदनगर शहरात, कॉलेजच्या मैदानावर, सख्ख्या आईबापांच्या डोळ्यांदेखत अन्याय झाला. अन्याय करणाऱ्यांची नावं मी सांगणार आहे. पत्रकं लिहिणाऱ्या माणसानं एकदा का नावं लपवायला सुरुवात केली, की त्यानं सरळ साबणाच्या जाहिराती लिहायला घ्याव्यात!

गुन्हेगार तीन आहेत. पहिली, फक्कीनं आखलेली एक पांढरी रेघ. दुसरे, आमचे बाबा. तिसऱ्याचं नाव घ्यायला मला जरा वेळ लागेल. तोवर आमच्या घराची ओळख करून घ्या.

काही घरांत गाणं असतं, काही घरांत दमा असतो. आमच्या घरात बास्केटबॉल आहे. बाबा मिशनच्या शाळेत ड्रिल मास्तर. लहानपणी एका साहेबाकडून हा खेळ शिकले, आणि तेव्हापासून नगरमध्ये या खेळाचा कायदा म्हणजे बाबा. आई मुलींच्या शाळेच्या संघात होती. भास्करदादा कॉलेजच्या संघाचा कप्तान. विमलताईचा नेम असा, की तिनं बॉल सोडला की आम्ही बॉलकडे बघतसुद्धा नसू. तो कुठे जाणार हे ठरलेलंच! आणि मी? मी कमल. मी या घरात जन्मले, एवढाच माझा बास्केटबॉलशी संबंध.

आमच्याकडे जेवण वाढत नाहीत, पास देतात. आई चुलीपुढे बसून "भाकरी!" म्हणायची आणि सोडायची. दादा ती एका हातानं झेलायचा. ताई तर मान वर न करता झेलायची आणि तशीच मोडून कालवणात बुडवायची. माझी भाकरी मात्र रोज मागच्या भिंतीवर आपटून खाली यायची.

"हात पुढे कर गं!" आई म्हणायची.

"आई, माणसं ताटात वाढतात!"

"ज्यांना झेलता येत नाही, त्यांना वाढतात."

(भिंतीवरच्या पिठाच्या डागांची जागा अजून दाखवता येईल. पुरावा मी नेहमी जपून ठेवते.)

बाबांच्या गळ्यात काळ्या गोफाची शिट्टी. अंघोळीला जाताना काढत असावेत, पण मला खात्री नाही. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पाळकसाहेबांचा उपदेश जरा लांबला की बाबांचा हात आपोआप छातीकडे जायचा आणि आई त्यांच्या पायावर पाय द्यायची. शिट्टीबद्दल बाबांचं एक तत्त्व होतं: फुंकलेली शिट्टी परत घेता येत नाही. चूक असो, बरोबर असो, गावाला पूर येवो, फुंकली म्हणजे फुंकली! या तत्त्वापायी त्यांनी आयुष्यात एकदाही शिट्टी चुकीची फुंकली नव्हती. म्हणजे त्या शनिवारपर्यंत.

आता रेघेकडे येते. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये पाचही खेळाडू मैदानभर उधळायला मोकळे; मैदानाच्या मधोमध रेघ असते, पण ती नुसती खुणेपुरती. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये मात्र तीच रेघ म्हणजे भिंत. निम्म्या मुली रेघेच्या या बाजूला राहून नुसतं अडवायचं काम करणार, निम्म्या त्या बाजूला राहून बास्केट टाकणार. रेघ कुणी ओलांडायची नाही. ओलांडली की शिट्टी! बॉल समोरच्यांना! का? तर सबंध मैदानभर धावल्यानं मुलींच्या नाजूक काळजाला त्रास होतो म्हणे! हा शोध ज्या मेमसाहेबांनी आमच्या शाळेपर्यंत आणून पोचवला, त्यांच्याबद्दल आईचं एकच म्हणणं होतं: "बाई कधी आमच्याबरोबर आडावर पाणी ओढायला आल्या नसाव्यात."

आई अडवणाऱ्यांतली. म्हणजे तिनं सगळी शाळा संपेपर्यंत समोरच्या मुलींच्या हातातून बॉल काढून घेतला, रेघेपर्यंत आणला, आणि पलीकडच्या मैत्रिणीला दिला. सामन्यात बास्केट टाकायची परवानगी तिला कधी नव्हतीच. इतकी वर्षं बास्केटबॉल खेळून एक बास्केट नाही! स्वयंपाक करायचा आणि चव घ्यायची नाही, अशातला हा प्रकार. (हे वाक्य मी एका पत्रकात वापरलं होतं. आईनं वाचून, "चव कोण घेतं गं रोज?" असं विचारलं होतं.)

आमच्या अंगणातही रेघ होती. दर शनिवारी बाबा डब्यातली फक्की घेऊन दोरी लावून ती स्वतः आखायचे. अलीकडे भिंतीवर सागवानी फळी आणि पाण्याच्या पिंपाचं लोखंडी कडं. पलीकडे आड. ताई परकर सावरायच्या वयापासून या रेघेच्या अलीकडे खेळली. खेळाच्या भरात पाय रेघेवर गेला की शिट्टी. न थांबती तर पुढे आड होताच! आमच्या कोंबड्यासुद्धा रेघेपाशी येऊन विचार करायच्या.

इतकं सगळं माहीत असून आमच्या घरातल्या एकाही शहाण्या माणसाला पुढे जे झालं ते आधी सुचलं नाही. असो.

गेल्या डिसेंबरात श्रीरामपूरचा संघ आमच्या नव्या कॉलेजशी सामना खेळायला येणार होता, आणि ऐन वेळी आमच्या संघात कांजिण्या शिरल्या. दादा धरून चार खेळाडू उभे राहिले, बाकीचे अंगावर लिंबाचा पाला घेऊन आडवे. मी त्याच दुपारी खेळांच्या कुलकर्णी सरांना गाठलं. कुलकर्णी सर माणूस सज्जन, पण गळ्यात मफलर आणि मनात लोक, दोन्ही बारा महिने.

"सर, विमलताईपेक्षा चांगला नेम कॉलेजात कुणाचा आहे?"

"कुणाचाच नाही."

"मग ती संघात का नाही?"

"अहो, ती मुलगी आहे!"

"हे तुम्हाला आज कळलं?"

"मला आधीपासून माहीत आहे. पण श्रीरामपूरला शनिवारी कळेल ना! लोक काय म्हणतील?"

लोकांचं नाव काढलं की माझ्या अंगात येतं. बेचाळीस साली मी परकराच्या ओच्यात बुलेटिनं लपवून गल्लोगल्ली वाटली आहेत. सरकार हललं, तिथे मफलर काय! रात्रीतून... नाही, खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी तर्कशास्त्राच्या तासालाच, मागच्या बाकावर, कार्बन घालून मी पत्रक तयार केलं: "अन्याय! अन्याय!! अन्याय!!! स्वतंत्र देशात मुलगी परतंत्र का? कुलकर्णी सर, उत्तर द्या!" दुपारपर्यंत ते कॉलेजभर झालं, आणि संध्याकाळी सरांनी मला, ताईला आणि दादाला बोलावलं. मफलर सुटला होता.

"एक सामना," सर म्हणाले. "विमलनं निभावलं, तर ती कायमची संघात. आणि पुढच्या वर्षी मुलींचा वेगळा संघ काढायचं मी स्वतः प्राचार्यांपुढे मांडीन. पण फजिती झाली, तर कॉलेजच्या मैदानावर मुलींचं खेळणं हा विषय पुन्हा निघणार नाही. निदान माझ्या हयातीत."

ताईचा चेहरा पांढरा पडला. ती बोलायला फार हुशार नाही. तिनं नुसती मान हलवली. घरी येताना मात्र दाराशी थांबून म्हणाली, "कमे, सहा मुली आहोत आपण कॉलेजात. माझ्यामुळे सगळ्यांचं जाईल गं."

"काही जात नाही! आपण आंदोलन पेटवू!"

"मला फक्त सराव करायचाय."

सरांनी सरावासाठी सामन्यापर्यंतच्या सगळ्या संध्याकाळी मैदान दिलं होतं. आणि इथे, वाचकहो, तुमची ही लेखिका कामाला लागली. सोमवारी मी ताईला माळीवाड्यातल्या महिला मंडळात नेलं आणि टेबलावर उभी केली. "हीच ती अन्यायग्रस्त!" बायकांनी टाळ्या वाजवल्या, एकीनं ओटी भरायला काढली. मंगळवारी वसतिगृह. बुधवारी तोफखाना भागातल्या वाचनालयात पुन्हा टेबल. गुरुवारी, शुक्रवारी तेच.

"कमे, मला बॉल हातात घेऊ दे गं जरा," ताई टेबलावरून खाली वाकून म्हणाली.

"बॉल नंतर! आधी जनजागृती!"

जनता इतकी जागी झाली की शनिवारी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. टांगेवाले टांगे सोडून आले. भाजीवाल्या पाट्या घेऊन आल्या. ज्यांना बास्केटबॉल म्हणजे एखादं विलायती फळ वाटत होतं तेही आले. ताईनं आईच्या नऊवारीचा घट्ट काष्टा घातला होता आणि पायात दादाचे जुने कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबून. शिट्टीला अर्थातच बाबा. नगरात दुसऱ्या कुणाला नियम येतच नव्हते. श्रीरामपूरच्यांनीही हरकत घेतली नाही. "मास्तर सख्ख्या पोरालाबी सोडत न्हाईत, ठावं हाय आमाला," असं त्यांचा कप्तान यशवंत म्हणाला. हा यशवंत म्हणजे ताडाचं झाड! त्यानं ताईकडे वरून खाली पाहिलं.

"ही खेळनार व्हय? खेळू द्या की. पडली-बिडली तर आमच्या नावानं रडू नका म्हंजी झालं."

"पडलास तर तूही रडू नकोस," ताई म्हणाली.

आमच्या गोटात हशा! मी तर तिथल्या तिथे पुढच्या पत्रकाचा मथळा ठरवला.

सामना सुरू झाला. पहिल्या फेकीलाच ताईनं बास्केट टाकली. पब्लिक उसळलं! दुसरीही टाकली. कुलकर्णी सरांनी मफलर काढून हातात घेतला. मग श्रीरामपूरकरांनी जोर केला, बॉल आमच्या बाजूला आला, आणि ताई धावत मागे येऊ लागली. येऊ लागली ती मैदानाच्या मधोमध येऊन थांबली. आमच्याकडे चार जण हाणामारी करताहेत आणि ही रेघेपलीकडे कमरेवर हात ठेवून उभी! श्रीरामपूरची बास्केट झाली.

"ताई, मागे ये ना!" दादा ओरडला.

"अरे, रेघ आहे!"

"आपल्याला नाही ती!"

"हो की!" ताई म्हणाली. तिला कळलं. डोक्याला कळलं. पायांना कोण सांगणार?

पुढच्या खेपेला ती आमच्या बाजूला उभी राहिली, यशवंताच्या हातातून बॉल असा काढून घेतला की त्याला कळायच्या आत तो रिकाम्या हातानं उडी मारून मोकळा! बॉल आपटत ताई निघाली. वारं! दोन श्रीरामपूरकर दोन बाजूंनी मागे. मधली रेघ आली. आणि ताई जागच्या जागी थांबली. पुढे आड असल्यासारखी! मागचे दोघे तिला ओलांडून पुढे गेले आणि एकमेकांच्या अंगावर पडले. ताई बॉल छातीशी धरून रेघेच्या अलीकडे उभी, पलीकडे पास द्यायला मैत्रीण शोधत.

"इंजान बंद पडलं रं!" एक टांगेवाला ओरडला.

"धक्का मारा! धक्का मारा!"

"पाणी घाला तिला!"

सबंध मैदान हसायला लागलं. कुलकर्णी सरांनी मफलर परत गुंडाळला, या वेळी कानांवरून. आमच्या कॉलेजातल्या बाकीच्या मुली एका बाकावर बसल्या होत्या. त्या एकमेकींकडे बघेनात. मी आईकडे पाहिलं. आई हसत नव्हती. पाटावर बसावं तशी ताठ बसून ती त्या रेघेकडे बघत होती.

तिसऱ्या खेपेला ताईनं ठरवलं. बॉल आपटत आली, रेघ दिसली, तिनं डोळे मिटले, दात आवळले, आणि ओढा ओलांडावा तशी उंच उडी मारून ती रेघेपलीकडे गेली! पब्लिक ओरडलं! समोर कुणी नाही, नुसतं कडं आणि फळी!

आणि शिट्टी वाजली.

बाबा एक हात वर करून, दुसऱ्या हातानं जमिनीकडे बोट दाखवत उभे होते. "रेघ!" ते म्हणाले.

यशवंत कपाळाला आठ्या घालून पुढे आला. "मास्तर, काय झालं?"

"रेघ ओलांडली."

"मंग? आमीबी मगाधरनं ओलांडतोय की! आमाला न्हाई ती शिट्टी?"

माझ्या आयुष्यात मी बाबांचा चेहरा तसा पाहिला नव्हता. आधी काहीच कळलं नाही, मग थोडं कळलं, मग सगळं कळलं. शिट्टी ओठांतून सुटून गोफावर लोंबायला लागली.

"मास्तर, चुकून फुकली आसंल," यशवंत अदबीनं म्हणाला. (शत्रूच्या कप्तानाला न्याय कळतो, बापाला नाही!) "द्या सोडून. बॉल तिचाच हाय."

"फुंकलेली शिट्टी..." बाबांचा आवाज चिरकला. "फुंकलेली शिट्टी परत घेता येत नाही. बॉल श्रीरामपूरला."

श्रीरामपूरनं बिचकत बिचकत बास्केट टाकली. ताई जिथल्या तिथे उभी होती. डोळ्यांत पाणी. पाचशे... किती ते मोजले नाहीत, पण शहरभर लोकांसमोर!

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय करावं? गप्प बसावं? मी बाक ओलांडून मैदानात घुसले! थेट मधोमध गेले आणि चपलेनं ती रेघ खसाखसा पुसायला लागले. "बंधूंनो आणि भगिनींनो! हीच ती रेघ! शतकानुशतकं—" फक्की म्हणजे चुना, हे मी विसरले. ती पुसत नाही, पसरते. मी जितकी घासावी तितकी रेघ रुंद! बोटभर होती ती हातभर झाली, हातभर होती ती गाडीवाटेएवढी झाली. माझे पाय घोट्यापर्यंत पांढरे. "ही रेघ आपण मिटवलीच पाहिजे!" मी गरजले, आणि एक भाजीवाली म्हणाली, "बाई, मोठी करायलीस की गं ती!"

शिट्टी!

"यजमान संघाचा प्रेक्षक मैदानात," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले. ही शिट्टी बरोबर होती, त्यामुळे त्यांच्यात जीव आला होता. "टेक्निकल फाऊल. श्रीरामपूरला एक फ्री थ्रो."

"बाबा! मी आहे, कमल!"

"म्हणून तर लगेच ओळखलं. बाहेर हो."

यशवंतनं फ्री थ्रो टाकला. एक गुण. तिसरा गुन्हेगार आता तुमच्या ध्यानात आला असेल. नाव वर दिलेलंच आहे.

हाफ टाइम झाला. ताई चिंचेखाली तोंड फिरवून बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "ताई, खचू नकोस. मी निषेधाचा ठराव—"

"कमे," ताई म्हणाली. आवाज अगदी हळू. "सरावाच्या संध्याकाळी तू मला टेबलावर उभी केलीस. एक दिवस जरी या मैदानावर धावले असते ना, तर ही रेघ पायांतून गेली असती. आता तू बोलू नकोस."

मी बोलले नाही. (घरच्यांनी ही वेळ लक्षात ठेवली आहे.)

मग बाबा आले. सगळ्यांदेखत, पब्लिकमधून वाट काढत. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून दादाच्या हातात दिली. ताईसमोर उभे राहिले. "रेफरीला शिट्टी मागे घेता येत नाही, विमल," ते म्हणाले. "पण आत्ता मी रेफरी नाही. चुकलं माझं. अंगणात तुझ्या पायांना ती रेघ मीच शिकवली."

ताई रडत हसली. "बाबा, तुम्ही शिट्टी फुंकायच्या आधी मीच थांबायचे. तुमचा काय दोष?"

"पुरे," आई म्हणाली. ती गर्दीतून कधी आली कळलंच नाही. तिनं ताईचा काष्टा परत घट्ट खोचला, बुटातला कापूस दाबून बसवला. "विमल, मी सगळा खेळ रेघेच्या अलीकडे खेळले. पलीकडे काय असतं ते मला माहीत नाही. तू जा, बघून ये, आणि मला सांग. थांबायचं असेल तर थांब. त्या पोरांना कुठे माहितीये तू कधी थांबणार ते! मघाशी दोघं कसे आपटले, पाहिलंस ना?"

ताईनं आईकडे पाहिलं. आईनं ताईकडे. त्या दोघींमध्ये बॉल नव्हता, पण पास दिला गेला आणि झेलला गेला, हे न झेलणाऱ्या मलासुद्धा दिसलं.

आणि मग, वाचकहो, दुसरा अर्धा! काय सांगू! ताई बॉल आपटत आली, तिच्यामागे यशवंत, रेघेपाशी (म्हणजे माझ्या गाडीवाटेपाशी) ताई खाड्कन थांबली, यशवंत वाऱ्यासारखा पुढे निघून गेला, आणि ताई सावकाश पाऊल टाकून पलीकडे गेली आणि बास्केट टाकली. पब्लिक वेडं झालं! पुढच्या वेळी यशवंत शहाणा झाला. तिच्याबरोबर तोही रेघेपाशी थांबला. पण ताई थांबलीच नाही! तो रेघेवर उभा, ताई कड्याखाली!

"इंजान सुटलं रं!" टांगेवाला आता आमच्या बाजूनं ओरडत होता. "बिगर सिग्नलचं इंजान हाय ह्ये!"

थांबते की जाते, थांबते की जाते! श्रीरामपूरचे पाचही खेळाडू रेघ जवळ आली की आमच्या कोंबड्यांसारखा विचार करायला लागले. जन्मभर त्या रेघेनं ताईला थांबवलं होतं. त्या दिवशी ताईनं त्याच रेघेवर आख्खा संघ थांबवला. दादा पास देत गेला, ताई टाकत गेली. बाकावरच्या मुली बाकावर उभ्या राहिल्या. कुलकर्णी सरांनी मफलर हवेत फिरवला आणि तो चिंचेवर अडकला, अजून आहे. बाबा दादाकडून परत घेतलेली शिट्टी तोंडात घट्ट धरून मैदानभर धावत होते आणि दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं, पण एकही फाऊल सुटला नाही. एक तर त्यांनी ताईवरच दिला! बरोबर होता. मी पाहिला.

शेवटी सामना संपला. सबंध सामन्यात सगळ्यांत जास्त बास्केट ताईच्या.

आम्ही एका गुणानं हरलो.

एका! मैदानावरची प्रत्येक मान सावकाश माझ्याकडे वळली. माझे पाय अजून पांढरे होते. पळून जायची सोय नव्हती, जाईन तिथे पाऊल उमटत होतं.

यशवंत ताईकडे आला. घामानं निथळत होता. "बाई, आमी जिकलो, पर कसं जिकलो ते समद्यांनी बघितलंय. आता तुमी पोरींचा संघ घेऊन श्रीरामपूरला या. माझी भन लई दांडगी खेळती. आजपातुर तिला कुनी मैदानच दिलं न्हाई."

कुलकर्णी सर मफलरवाचून आले; मान किती लहान असावी एखाद्याची! "विमल संघात. कायमची," ते म्हणाले. "मुलींच्या संघाचं मी सोमवारीच प्राचार्यांशी बोलतो. लोक काय म्हणायचं ते म्हणोत." मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही, कमलताई, पुढच्या सामन्यापासून कुंपणाच्या बाहेर."

"सर, हा अन्याय आहे!"

"आहे," सर म्हणाले. "पण खेळ वाचेल."

लोक पांगले. ताईला बायकांनी घेरलं होतं. तेवढ्यात आई मैदानात गेली. पदर खोचला, पडलेला बॉल उचलला, माझी ती पांढरी गाडीवाट सावकाश चालत ओलांडली, आणि कड्याखाली जाऊन उभी राहिली. बाबांचा हात सवयीनं छातीकडे गेला. दादानं तो धरून ठेवला. आईनं बॉल टाकला. चुकला. पुन्हा टाकला. कड्यावर फिरला, बाहेर पडला. तिसऱ्यांदा तिनं बॉल जरा वेळ हातात धरला, जणू भाकरी थापायच्या आधी पिठाचा गोळा तोलतेय, आणि सोडला. आत!

"काय आहे मग पलीकडे?" ताईनं विचारलं.

"तुम्ही सगळे सांगत होतात तेवढं अवघड नाही," आई म्हणाली, आणि पदरानं हात पुसत घराकडे चालू लागली. भाकऱ्या थापायच्या होत्या.

तेव्हा वाचकहो, माझी मागणी ऐका. मी ती नम्रपणे करत नाही. नम्रतेचं मला शिक्षण नाही. तुमच्या गावात, तुमच्या शाळेत, तुमच्या अंगणात जिथे जिथे मुलींसाठी अर्धं मैदान आखून ठेवलं असेल, तिथे त्यांना पुरं मैदान द्या! आज द्या! आणि ते दिल्यावर, त्यांचा कैवार घेऊन तुम्हाला कितीही भाषण आलं, तरी कृपा करून चपला काढा आणि कुंपणाबाहेर माझ्या शेजारी येऊन उभे राहा. इथे भरपूर जागा आहे. सध्या मी एकटीच असते.